दार कुणी उघडलं?

९ सप्टेंबर १९९०, रविवार. अमेरिकेत शेकडो वर्तमानपत्रांबरोबर घरोघरी जाणाऱ्या 'परेड' या पुरवणीत त्या दिवशी एका वाचकाचा प्रश्न छापून आला. टीव्हीवरच्या एका खेळात तुम्ही भाग घेतलाय. समोर तीन बंद दारं. एकामागे मोटार आहे, उरलेल्या दोहोंमागे एकेक बकरी. तुम्ही पहिलं दार सांगता. कुठल्या दारामागे काय आहे हे सूत्रसंचालकाला ठाऊक आहे. तो तुमचं दार बंदच ठेवतो आणि तिसरं दार उघडून दाखवतो. आत बकरी. मग विचारतो, "पहिलंच ठेवता, की दुसरं घेता?" बदलण्यात काही फायदा आहे का?

हे सदर मॅरिलिन वॉस सॅव्हंट चालवत. सर्वाधिक बुद्ध्यंकासाठी गिनीजच्या पुस्तकात त्यांचं नाव नोंदलं गेलं होतं. त्यांनी अगदी थोडक्यात उत्तर दिलं: हो, बदला. पहिल्या दारामागे मोटार असण्याची शक्यता एक तृतीयांश आहे, दुसऱ्यामागे दोन तृतीयांश.

मी बरीच वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. संभाव्यतेच्या धड्यातली फाशांची, पत्त्यांची, पिशवीतल्या रंगीत चेंडूंची उदाहरणं मुलं मुकाट्याने सोडवतात. सूत्र लिहून घेतात, उत्तराखाली रेघ मारतात, पुढे जातात. हे एक कोडं फळ्यावर मांडलं की मात्र वर्ग पेटतो. वर्षभर तोंड न उघडलेलं मागच्या बाकावरचं पोरगं उठून उभं राहतं आणि म्हणतं, "मॅडम, हे शक्यच नाही. दोनच दारं उरलीत ना? मग निम्मं-निम्मं!" मला या भांडणाचं फार अप्रूप आहे. पायथागोरसचं प्रमेय चुकीचं आहे म्हणून कुणी माझ्याशी भांडत नाही. इथे पोरं अक्षरशः हट्टाला पेटतात, आणि हट्टाला पेटणारी पोरं बहुतेक वेळा वर्गातली हुशार पोरं असतात.

अमेरिकेतही तेच झालं होतं. मॅरिलिनबाईंकडे सुमारे दहा हजार पत्रं आली. त्यांतली हजारभर पत्रं पीएच.डी. झालेल्या लोकांची होती, काही तर गणिताच्या प्राध्यापकांची. बहुतेकांचं म्हणणं एकच, बाई, तुम्ही चुकलात. पुढच्या एका सदरात त्यांनी हिशेबच छापला: सामान्य वाचकांच्या पत्रांपैकी ९२ टक्के विरोधात, विद्यापीठांतून आलेल्या पत्रांपैकी ६५ टक्के विरोधात. आणि पत्रांची भाषा! देशात गणिताचं अज्ञान आधीच कमी नाही, त्यात जगातल्या सर्वांत जास्त बुद्ध्यंकवाल्या व्यक्तीने भर घालू नये, असं एका पीएच.डी.धारकाने सुनावलं. आणखी एकाने लिहिलं की बायका गणिताच्या प्रश्नांकडे पुरुषांपेक्षा वेगळ्या नजरेने बघत असाव्यात. ते वाक्य वाचलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. बाईंचं उत्तर बरोबर होतं. आणि त्या हजार पदवीधरांपैकी कुणालाही तीन कप आणि एक नाणं घेऊन अर्धा तास बसणं अवघड नव्हतं.

तेच त्यांनी शेवटी शाळांना करायला सांगितलं. देशभरच्या वर्गांमध्ये मुलांनी कागदी कप उपडे घातले, खाली पेनी लपवली, आणि पुन्हा पुन्हा खेळून निकाल पाठवले. चार सदरं या एका प्रश्नावर खर्ची पडली. तेव्हा कुठे बाईंशी सहमत असणाऱ्यांचं प्रमाण सामान्य वाचकांत ८ वरून ५६ टक्क्यांवर आणि विद्यापीठांत ३५ वरून ७१ टक्क्यांवर गेलं. म्हणजे इतकं सगळं होऊनही विद्यापीठांतली जवळपास तीस टक्के पत्रं आपल्या मतावर ठाम होती.

उत्तर पटवायचं तर मी ते असं मांडते. तुम्ही सुरुवातीला दार निवडता तेव्हा तीनपैकी दोनदा तुम्ही बकरीवरच बोट ठेवलेलं असतं. यावर कुणाचं दुमत नसतं. आता अशा वेळी सूत्रसंचालकाची अवस्था काय होते ते बघा. तुमचं दार त्याला उघडायचं नाही. मोटारीचं दार उघडता येत नाही. मग उरतं एकच दार, आणि ते त्याला उघडावंच लागतं. याचा अर्थ, त्याने जे बंद ठेवलं त्यामागे मोटारच आहे. तुमची पहिली निवड चुकलेली असेल तेव्हा बदलणारा दर वेळी जिंकतो, आणि पहिली निवड तीनपैकी दोनदा चुकतेच. संपलं. यात कुठलंही सूत्र नाही, अपूर्णांकांचा गुणाकार नाही. तरीही अर्धा वर्ग मान हलवत राहतो.

मला वाटतं, पहिली अडचण शाळेतच रुजलेली असते. दहावीच्या पुस्तकात 'समसंभाव्य निष्पत्ती', म्हणजे घडण्याची शक्यता सारखीच असलेले निकाल, अशी व्याख्या असते. मुलं ती पाठही करतात. पण परीक्षेतली जवळजवळ सगळी उदाहरणं समसंभाव्यच असतात, त्यामुळे तो शब्द हळूहळू गळून पडतो आणि मनात उरतं ते एवढंच: किती शक्यता आहेत ते मोजा आणि त्याने भागा. दोन दारं उरली की भागिले दोन. जुलै महिन्यात मुंबईत 'उद्या पाऊस पडेल किंवा पडणार नाही' या दोनच शक्यता आहेत, म्हणून कुणी निम्मं-निम्मं म्हणत नाही. तिथे माणसं आपल्याला असलेली माहिती वापरतात. दारांच्या बाबतीत मात्र आपल्याकडे माहिती आहे हेच मुळी ध्यानात येत नाही, कारण ती माहिती दाराच्या आत नसून दार उघडणाऱ्याच्या वागण्यात आहे.

हे मला सर्वांत लख्ख दिसलं ते आमच्या घरात. गणपतीत सगळे जमलो होतो. दुपारची जेवणं उरकली होती आणि काकांपुढे मी हे कोडं टाकलं. काका बँकेतून निवृत्त झालेले, आकड्यांना पक्के, आणि ब्रिजचे जुने खेळाडू. ते ताडकन म्हणाले, "अगं, दोन उरली म्हणजे फिफ्टी-फिफ्टी. यात कोडं काय आहे?" मी समजावून पाहिलं, पण काका ऐकेनात. शेवटी स्वयंपाकघरातून स्टीलच्या तीन सारख्या वाट्या आणल्या. नाणं खाली सरकवताना खण्णकन आवाज येतो आणि जागा फुटते, म्हणून टेबलावर जाड टॉवेल अंथरला. मी रुपया लपवायचा, काकांनी वाटी सांगायची, मी एक रिकामी वाटी उचलून दाखवायची. काका हट्टाने पहिल्याच वाटीवर राहायचे. कधी जिंकले, बरेचदा हरले, आणि दर वेळी म्हणाले, "नशीब गं, दुसरं काय."

मग मी वाट्या त्यांच्याकडे सरकवल्या. म्हटलं, आता तुम्ही लपवा, भाची निवडेल. भाचीने मधल्या वाटीवर बोट ठेवलं. रुपया काकांनी उजवीकडच्या वाटीखाली ठेवला होता. त्यांचा हात सवयीने उजवीकडे गेला, वाटीला बोटं लागली आणि तिथेच थबकली. ती उचलली तर रुपया दिसला असता. हात डावीकडे आला. डावीकडची वाटी उचलली गेली. पुढच्या डावातही तेच झालं, फक्त बाजू बदलली. काही डाव झाल्यावर काका मधेच थांबले आणि भाचीला म्हणाले, "अगं, तू चुकलीस की मला उचलायला एकच वाटी उरते. म्हणजे उरलेली वाटी मीच तुला बोट दाखवून सांगतोय की!"

त्या क्षणी त्यांना जे कळलं ते माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्याने कळलं नव्हतं. श्टेफान क्राउस आणि एक्स. टी. वांग या संशोधकांनी २००३ मध्ये या कोड्यावर प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना स्पर्धकाऐवजी सूत्रसंचालकाच्या जागी उभं राहून विचार करायला लावला की योग्य उत्तराकडे जाणं सोपं होतं, असं त्यांनाही आढळलं. मी तेव्हापासून वर्गात कोडं नुसतं सांगतच नाही. ज्याचा आवाज सर्वांत मोठा असतो त्याच्या हातात आधी वाट्या देते.

पण काका एवढ्यावर थांबणारे नव्हते. त्यांनी विचारलं, "समजा मला नाणं कुठे आहे ते ठाऊकच नसतं, आणि मी आंधळेपणाने दुसरी एक वाटी उचलली असती आणि ती नेमकी रिकामी निघाली असती, तर?"

या कोड्यावर विचारता येईल असा हाच सर्वांत चांगला प्रश्न आहे. उत्तर ऐकून घरात पुन्हा गलका झाला. तसं झालं तर मात्र खरंच निम्मं-निम्मं! कसं ते बघा. तीनपैकी एकदा भाचीची पहिली वाटी बरोबर असते, आणि काकांनी कुठलीही उचलली तरी ती रिकामीच निघते. तीनपैकी दोनदा ती चुकलेली असते, पण त्यातल्या निम्म्या वेळा काकांच्या हातून चुकून रुपयाचीच वाटी उचलली जाते आणि डाव मोडतो. उरलेल्या डावांत भाची बरोबर असण्याचे आणि चुकलेली असण्याचे प्रसंग सारखेच. दोन्ही खेळांत टेबलावर दिसतं ते एकच: एक रिकामी वाटी आणि दोन उपड्या. डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीत तसूभरही फरक नाही. तरी एकीकडे उत्तर दोन तृतीयांश आणि दुसरीकडे एक द्वितीयांश. फरक फक्त वाटी उचलणाऱ्याला काय ठाऊक होतं आणि त्याला काय करायची मुभा होती, यात आहे.

मग मीच काकांना ब्रिजच्या टेबलावर नेलं. म्हटलं, तुमच्या आणि डमीच्या, म्हणजे पानं उघडी मांडून बसलेल्या जोडीदाराच्या, हातात मिळून एका रंगाची नऊ पानं आहेत, त्यांत एक्का, राजा, दस्सी. बाहेर चार: राणी, गुलाम आणि दोन बारकी. तुम्ही राजा खेळता आणि शेवटी पान टाकणारा राणी टाकतो. पुढच्या वेळी काय करता? काका म्हणाले, "फिनेस. एक्का राखून दस्सी टाकायची. गुलाम दुसरीकडे असणार." का? "कारण त्याच्याकडे राणी-गुलाम दोन्ही असते तर त्याने गुलामही टाकला असता कधीकधी. राणी एकटीच असेल तर तीच टाकावी लागते." ब्रिजमध्ये याला मर्यादित निवडीचा नियम म्हणतात. टेरेन्स रीस या इंग्रज खेळाडूने १९५८ मध्ये तो लोकांपुढे नीट मांडला. फिनेस करणं तिथे जवळजवळ दोनास एक या प्रमाणात फायद्याचं ठरतं. म्हणजे काका हे कोडं उभा जन्म पत्त्यांत बरोबर सोडवत होते! पानं टाकणारा माणूस समोर बसलेला असतो, त्याच्या मनात काय चाललं असेल याचा विचार करायची सवय असते. दारांच्या कोड्यात तो माणूस नजरेआड होतो आणि नुसती दारं उरतात.

आता खऱ्या माणसाबद्दल. हे कोडं ज्याच्या नावाने ओळखलं जातं तो माँटी हॉल कॅनडातल्या विनिपेगचा, जन्म १९२१ चा. 'लेट्स मेक अ डील' हा त्याचा खेळ १९६३ पासून अमेरिकेच्या टीव्हीवर सुरू झाला. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले स्टीव्ह सेल्विन यांनी १९७५ मध्ये 'द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन' या नियतकालिकाला पत्र लिहून हे कोडं मांडलं. त्यात दारांऐवजी खोकी होती. विरोधाची पत्रं त्यांनाही आली, आणि त्याच वर्षी दुसरं पत्र लिहून त्यांना आपलं उत्तर पुन्हा सिद्ध करावं लागलं. खुद्द हॉलनेही सेल्विनना पत्र पाठवलं होतं. त्याच्या खेळात एकदा खोकं निवडल्यावर ते बदलायची मुभाच नसते, हे त्याने त्यात नमूद केलं.

१९९१ च्या जुलैत 'न्यूयॉर्क टाइम्स'चे बातमीदार जॉन टिअर्नी हॉलच्या बेव्हर्ली हिल्समधल्या घरी गेले. जेवणाच्या टेबलावर दोघं हा खेळ खेळले, मोटारीच्या जागी किल्ल्या ठेवून. हॉल ठरल्या नियमाने खेळत होता तोवर बदलणाऱ्याचा फायदा होत राहिला. मग त्याने आपली पद्धत बदलली. पाहुण्याने चुकीचं खोकं सांगितलं की तो ते लगेच उघडायचा, खेळ खल्लास. बरोबर सांगितलं तरच दुसरं उघडून 'बदलता का?' असं विचारायचा. अशा खेळात बदलणारा हरलाच म्हणून समजा. हॉलचं म्हणणं सरळ होतं: सूत्रसंचालकाला दर वेळी दार उघडून बदलायची संधी द्यावीच लागत असेल तर बदला. ती द्यायची की नाही हे त्याच्या मर्जीवर असेल तर सावध राहा. विद्यापीठात संख्याशास्त्र न शिकवलेल्या माणसाने कोड्याचा गाभा किती नेमका पकडला होता! वर्षानुवर्षं तो स्वतः दाराजवळ उभा होता. दार आपोआप उघडत नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

मॉर्गन, चगंटी, दहिया आणि डोव्हिअ‍ॅक या चौघांनी १९९१ मध्ये त्याच संख्याशास्त्रीय नियतकालिकात लेख लिहून हा नियमांचा मुद्दा पुढे नेला. मॅरिलिनबाईंनी छापलेल्या प्रश्नात सूत्रसंचालक दर वेळी बकरीचंच दार उघडतो असं स्पष्ट लिहिलेलं नव्हतं, ही गोष्ट खरी. शिवाय तुमची निवड बरोबर असेल आणि त्याच्यापुढे दोन बकऱ्यांची दारं असतील, तर तो त्यातलं कुठलं उघडतो यावरही नेमक्या त्या प्रसंगातली शक्यता हलते. तो नेहमीच डावीकडचं पसंत करत असेल तर आकडा वेगळा येतो. मात्र तो नेहमी बकरीचंच दार उघडून संधी देत असेल, तर त्याची पसंती काहीही असो, बदलण्याची शक्यता निम्म्याच्या खाली कधी जात नाही, आणि सगळे डाव मिळून दोन तृतीयांशच राहते.

या बारकाव्याचा आधार घेऊन काही जण म्हणतात की ते हजार पीएच.डी.वाले चुकले नव्हते, प्रश्नच अर्धवट होता. मला हे मान्य नाही. ज्या पत्रांतले उतारे छापून आले ते वाचा. सूत्रसंचालकाच्या मर्जीबद्दल, त्याच्या नियमांबद्दल त्यांत अवाक्षर नाही. 'दोन दारं उरली, म्हणून निम्मं-निम्मं' हाच सूर आहे. प्रश्नातली फट त्यांना आधी दिसली असती तर त्यांनी 'उत्तर अवलंबून आहे' असं लिहिलं असतं. फट नंतर सापडली आणि मग तिच्यातून अब्रू वाचवायची वाट निघाली.

पॉल एर्डॉश या हंगेरियन गणितज्ञाची गोष्ट मात्र वेगळी आणि मला फार जवळची वाटते. विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या गणितज्ञांपैकी ते एक, संभाव्यतेचा वापर तर त्यांनी गणिताच्या कुठल्या कुठल्या दालनांत नेला. १९९५ मध्ये त्यांचे मित्र अँड्र्यू वाझोनी यांनी त्यांना हे कोडं घातलं. एर्डॉश म्हणाले, काही फरक पडत नाही. वाझोनींनी शक्यतांची आकृती काढून दाखवली, पटलं नाही. थोड्या वेळाने एर्डॉश परत आले ते चिडूनच: का बदलायचं, हे तू मला सांगतच नाहीस! शेवटी वाझोनींनी संगणकावर तो खेळ पुन्हा पुन्हा खेळवून दाखवला. आकडे समोर आले, तेव्हा एर्डॉशनी नाइलाजाने उत्तर मानलं. पण कारण अजून सापडलं नव्हतं, म्हणून समाधान नव्हतं. पुढे काही दिवसांनी गणितज्ञ रॉन ग्रॅहम यांनी समजावून दिल्यावर ते शांत झाले. मला यातली त्यांची चीड मोलाची वाटते. 'आकडे असं सांगतात' एवढ्यावर ज्याचं भागत नाही, त्याला 'का' हवं असतं. माझ्या वर्गात भांडणारी पोरंही तेच मागत असतात. संगणकावर हजार डाव खेळवून दाखवणं दोन मिनिटांचं काम आहे. त्याने पोरांची तोंडं बंद होतात, पण डोक्यातला गुंता तसाच राहतो.

याच्या उलट टोकाला कबुतरं. वॉल्टर हर्ब्रान्सन आणि ज्युलिया श्रोडर यांनी २०१० मध्ये कबुतरांना दाण्यांच्या बक्षिसावर हाच खेळ शिकवला, तीन दिव्यांच्या कळा लावून. महिनाभराच्या सरावानंतर ती जवळजवळ दर वेळी बदलायला लागली, ९६ टक्क्यांच्या आसपास. याच खेळाचा सराव दिलेली माणसं दोन तृतीयांशाच्या आसपास अडकून पडली, कधी बदलत, कधी न बदलत. कबुतर फक्त दाणा कुठे जास्त वेळा मिळतो तेवढं बघतं. त्याला कारण नको असतं, आणि निम्मं-निम्मं ही कल्पनाही त्याच्या डोक्यात कुणी भरलेली नसते.

माणसाची आणखी एक अडचण हिशेबातली नाही, मनातली आहे. डोनाल्ड ग्रॅनबर्ग आणि थॅड ब्राउन यांच्या १९९५ च्या अभ्यासात २२८ जणांपैकी फक्त १३ टक्क्यांनी दार बदललं. आता नीट बघा: लोकांना खरोखर निम्मं-निम्मं वाटत असतं तर साधारण अर्ध्यांनी तरी सहज बदललं असतं. तसं होत नाही. लोक आपल्या दाराला चिकटून बसतात, कारण बदलून हरलं तर जी हळहळ वाटते ती न बदलता हरण्याच्या हळहळीपेक्षा कितीतरी मोठी असते. 'हातात होतं ते सोडलं' ही टोचणी आपल्याला नको असते. वाट्यांच्या खेळात भाचीने एकदा बदललं आणि नेमकं पहिल्याच वाटीखाली नाणं निघालं, तेव्हा तिने जे डोकं धरलं ते बघण्यासारखं होतं. त्याआधी बदलून ती कितीदा जिंकली होती ते कुणालाच आठवत नव्हतं, तिला तर नाहीच.

कोड्याचा वंश जुना आहे. फ्रान्समध्ये जोझेफ बर्त्राँ यांनी १८८९ मध्ये सोन्याचांदीच्या नाण्यांच्या तीन पेट्यांचं असंच कोडं मांडलं होतं. मार्टिन गार्डनर यांनी १९५९ मध्ये तीन कैद्यांचं दिलं. तिघांनाही फाशी ठरलेली, त्यांतल्या एकाला माफी मिळाली आहे. कोणाला, ते पहारेकऱ्याला ठाऊक आहे. पहिला कैदी त्याला विनवतो: माझं सांगू नकोस, पण उरलेल्या दोघांतला जो फाशी जाणार आहे असा एक तरी सांग. पहारेकरी दुसऱ्याचं नाव घेतो. पहिला खूश, आता आपली शक्यता निम्म्यावर आली! पण त्याची शक्यता होती तिथेच आहे, एक तृतीयांश. पहारेकऱ्याला कुणाचं तरी नाव सांगता येणारच होतं. गंमत म्हणजे दारांवरून तावातावाने भांडणारी मुलं इथे चटकन 'बिचारा उगाच खूश झाला' म्हणतात. पहारेकरी बोलतो, त्याला तोंड आहे, म्हणून तो दिसतो.

अलीकडे वर्गात हे सगळं झाल्यावर एका मुलीने हात वर केला. निम्म्या-निम्म्याच्या बाजूने शेवटपर्यंत लढणाऱ्यांतली ती. म्हणाली, "मॅडम, चार दारं असतील तर? एक बकरी दाखवली, बदलायची संधी दिली. मग आणखी एक बकरी दाखवली, पुन्हा संधी दिली. दोन्ही वेळा बदलायचं ना?" सगळा वर्ग एका सुरात 'हो' म्हणाला. तासाभरापूर्वी बदलण्याला विरोध करणारे आता दर संधीला बदलायला निघाले होते. मी म्हटलं, मांडून बघू.

पहिल्यांदा निवडलेल्या दाराची शक्यता एक चतुर्थांश. एक बकरी दिसल्यावर उरलेले तीन चतुर्थांश बाकीच्या दोन दारांत वाटले जातात, प्रत्येकी तीन अष्टमांश. इथे बदललं तर तुमच्या हातात तीन अष्टमांशाचं दार येतं. मग दुसरी बकरी दिसल्यावर पुन्हा बदललं तर उरलेले पाच अष्टमांश मिळतात. आता दुसरा मार्ग: पहिल्या संधीला ढिम्म हलायचं नाही, एक चतुर्थांशाच्या दारावरच बसायचं, आणि दुसऱ्या संधीला बदलायचं. मिळतात तीन चतुर्थांश, म्हणजे सहा अष्टमांश. दोनदा बदलण्यापेक्षा शेवटी एकदाच बदलणं चांगलं! बापेश्वर राव आणि भास्कर राव यांनी १९९२ मध्ये हे कितीही दारांसाठी सिद्ध केलं आहे. शेवटच्या संधीपर्यंत जागचं हलायचं नाही आणि मग एकदाच बदलायचं.

मुलीने फळ्यावरचं गणित वहीत उतरवून घेतलं, दोनदा तपासलं आणि म्हणाली, "पण मॅडम, पहिल्या संधीला बदललं तर माझं दार चांगलं होतं ना? एक चतुर्थांशावरून तीन अष्टमांशावर. मग चांगलं दार घेऊन मी हरते कशी?" तिच्या शेजारचा मुलगा तिच्याकडे वळून म्हणाला, "अगं, तुझं दार चांगलं झालं म्हणजे उरलेलं वाईट झालं. आणि शेवटी तू घेणार आहेस ते उरलेलंच." तिला पटलं नाही. दोघं फळ्याजवळ आली आणि चार दारांच्या चौकटी आखायला लागली.